तिकिटावरची सोल्वेग, खिडकीतली अर्डिस

हेडालमध्ये मी सून म्हणून आले त्याला एक आयुष्य होऊन गेलं, तरी इथल्यांच्या लेखी मी अजून पाहुणीच. माझं माहेर शिकागोचं, आयरिश घर. आमच्याकडे कुणाला भूक लागली की शेजारच्या इमारतीला कळायचं. इथे उत्तर डाकोटात, नॉर्वेहून आलेल्यांच्या या नातवंडा-पतवंडांत, तक्रार करणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवणं. गारपिटीने उभा गहू झोपला की माझा सासरा खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "चालायचंच. याहून वाईट झालं असतं." पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हातारा विनोदी आहे. पुढे कळलं, अख्खं गावच असं आहे.

अर्डिस न्यूगार्ड या गावाची पोस्टमास्तरीण. उंच, हाडकुळी बाई, केस कायम घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. नवरा तरुणपणीच ट्रॅक्टर उलटून गेला, मूलबाळ नाही. त्याच्या अंत्यविधीला मी तिच्या गळ्यात पडून रडले तर तिनेच माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "तुला कॉफी देऊ का गं?" मला तेव्हा तिचा रागच आला होता. मग ती पोस्टात लागली, आणि खिडकीच्या त्या चौकटीत तिचे केस पांढरे झाले.

आमच्याकडे टपाल घरी येत नाही. पोस्टात प्रत्येकाचा एक कप्पा, त्याची किल्ली, आणि सकाळी जाऊन आपलं आपण काढायचं. आधी शाळा गेली, मग बँक, मग किराण्याचं दुकान. उरलं चर्च, एक दारूचं दुकान आणि अर्डिसचं पोस्ट. माणसं टपालाच्या निमित्ताने यायची, हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि जायची. कुणाचा कप्पा दुपारपर्यंत उघडला नाही की अर्डिस दाराला 'लगेच येते' अशी पाटी लावून त्याच्या घरी जायची. म्हाताऱ्या बोर्गहिल्डचं कंबरेचं हाड मोडलं, ती न्हाणीघरात पडून होती, ती अशीच सापडली. अर्डिस मागच्या खिडकीतून आत शिरली, तिला पांघरूण घातलं, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दोघी म्हणे हवेबद्दल बोलत बसल्या.

आता सोल्वेग. सोल्वेग आणि अर्डिस एका बाकावर शिकल्या. सोल्वेग अवखळ, नाचरी. शाळा संपली तशी गाव सोडून गेली, कुठल्याशा वकिलाशी लग्न केलं, आणि तो वकील चढत चढत राष्ट्राध्यक्ष झाला. आमच्या गावची मुलगी देशाची फर्स्ट लेडी! शिकागोत असं झालं असतं तर आठवडाभर रस्त्यावर बँड वाजला असता. इथे लोक म्हणाले, "बरं झालं. आईला आवडलं असतं." आईच्या अंत्यविधीला ती एकदाच आली, काळ्या गाड्यांच्या रांगेतून. तेव्हा तिने म्हणे अर्डिसला मिठी मारली, आणि अर्डिस तिला म्हणाली, "तुला गार लागेल, कोट नीट घाल."

सोल्वेग वारली, आणि त्यानंतर काही वर्षांनी छोटी पोस्टं बंद करायचं वारं सुटलं. अमेरिकेत जिवंत माणसाचं टपालाचं तिकीट निघत नाही, मेल्यावरही काही काळ थांबतात. तो काळ उलटला तशी अर्डिस कामाला लागली. सोल्वेगचं तिकीट काढा, आणि ते पहिल्यांदा हेडालमध्येच प्रसिद्ध करा, म्हणून तिने वर पत्रांवर पत्रं पाठवली. कधी कुणाकडे मीठ न मागणारी बाई दारोदार फिरून सह्या मागत होती. मी तिला विचारलं, "मैत्रिणीचा एवढा पुळका कुठून आला गं?"

"पुळका कसला," ती म्हणाली. "मॉरीन, नव्या तिकिटाच्या पहिल्या दिवसाच्या शिक्क्यावर गावाचं नाव असतं. ते देशभर जातं. ज्या गावच्या नावाचा शिक्का सोल्वेगच्या तिकिटावर बसला, त्या गावचं पोस्ट बंद करायला त्यांनाच लाज वाटेल."

"आणि नाही वाटली तर?"

"तर मग बोर्गहिल्डसारखं कुणी पडलं तर ते पडूनच राहील." असं ती कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर तिने टेबल पुसायला घेतलं, ते स्वच्छच होतं.

आणि मागणी मान्य झाली. माझा विश्वास बसेना. नवऱ्याच्या राज्यातलं त्याच्या नावाचं मोठं ग्रंथालय, राजधानी, सगळं सोडून सोल्वेगचं तिकीट हेडालला निघणार! तेव्हा माणसं चक्क दोनदा म्हणाली, "बरं झालं."

समारंभ बंद शाळेच्या व्यायामशाळेत झाला. बाहेर वारा असा सुटला होता की झेंड्याचं कापड फाटतं की काय वाटत होतं. वॉशिंग्टनहून टपाल खात्याचे विटकोम नावाचे साहेब आले होते. माणूस खरंच चांगला, हसतमुख, हे मला सांगितलंच पाहिजे. तो खलनायक असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी पडदा ओढला आणि तिकिटाचं दारापेक्षा मोठं चित्र दिसलं. निळ्या कोटातली सोल्वेग, हनुवटी वर केलेली.

ऑर्विल स्ट्रँड माझ्या पुढे बसला होता. गव्हाची शेती, बायको गेलेली, आणि त्याचं आयुष्यभराचं बोलणं एका दुपारीत मावेल असा गडी. तो बघत राहिला आणि म्हणाला, "नाक बापाचंच."

मग तिकिटं जमवणाऱ्या लोकांची रांग लागली. कुठून कुठून आले होते. अर्डिस एकेका पाकिटावर शिक्का मारत होती, सरळ, न फराटता, शाई पुसट होऊ न देता. हेडाल, हेडाल, हेडाल. तिचे गाल तांबडे झाले होते. आपली अर्डिस सुंदर होती असं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तिने साहेबांना विचारलं, "बाकीची पाकिटं कधी येणार? लोक टपालाने पाठवतील ती?"

"ती इथे नाही येणार, मिसेस न्यूगार्ड. ती आमच्या मोठ्या केंद्रात जातात, तिथेच यंत्रावर शिक्का बसतो. अजून काही महिने लोक पाठवत राहतील. तारीख आजचीच, नाव हेडालचंच."

म्हणजे आमच्या गावाचं नाव हजारो पाकिटांवर उमटणार होतं, आणि त्यातलं एकही पाकीट आमच्या गावात पाऊल टाकणार नव्हतं. अर्डिस म्हणाली, "हो का? सोयीचं आहे."

त्यानंतर चर्चच्या तळघरात कॉफी. बायांनी हॉटडिशची, म्हणजे भाजलेल्या मांस-बटाट्याची, भांडी ओव्हनमधून काढून मांडली होती, चॉकलेटच्या वड्या होत्या, लेफ्सा नावाच्या बटाट्याच्या मऊ पोळ्या होत्या. मी स्वयंपाकघरात कपबश्या भरत होते, मधल्या खिडकीतून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. साहेब अर्डिस आणि ऑर्विलच्या मध्ये बसले. खाता खाता त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला परत जाऊन या भागातल्या छोट्या पोस्टांबद्दल मत द्यायचं आहे. कागदावर काय आहे ते राहू दे, तुम्हीच सांगा. हे पोस्ट बंद करून तुम्हाला शेजारच्या मोठ्या गावाच्या पोस्टाला जोडलं, तर फार अडचण होईल का?"

काटेसुद्धा वाजेनात. मी किटली हातात धरून उभी. ज्या प्रश्नासाठी बाईने जिवाचं रान केलं होतं, तो प्रश्न तिच्या समोर, तिच्याच बशीशेजारी येऊन बसला होता.

अर्डिसने हातरुमालाची घडी केली. "अं... निभावून नेऊ," ती म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

साहेब ऑर्विलकडे वळले. "आणि तुम्हाला?"

"मी तसाही जातो तिकडे," ऑर्विल म्हणाला. "कधीमधी."

आता हे सांगायलाच हवं. या गावात पहिलं उत्तर हे उत्तरच नसतं. कॉफी हवी का म्हणून विचारलं तर माणूस म्हणतो, नको. परत विचारलं तर म्हणतो, नको, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा विचाराल तर म्हणतो, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप. आणि मग तीन कप पितो. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा, त्याच्या मनात द्यायचं नव्हतंच. तळघरातलं प्रत्येक माणूस साहेबांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतं. अर्डिस मान खाली घालून, ओठ आवळून वाट बघत होती.

साहेबांनी समाधानाने मान हलवली. "छान. फार समजूतदार माणसं आहात तुम्ही." आणि त्यांनी थाळीतली शेवटची वडी उचलली, अख्खी. इथे शेवटच्या वडीला कुणी हात लावत नाही. तिचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे करत चिमूटभर उरेपर्यंत लोक चालवतात. त्या क्षणी मला कळलं की या माणसाला इथलं काही म्हणजे काही कळलेलं नाही.

ते निघाले तशी मी किटली आपटली, निमित्ताला जी सापडली ती खाण्याची बशी उचलली आणि त्यांच्या मागे धावले. ते गाडीत बसत होते. "अहो साहेब, थांबा! तिची अडचण आहे. सगळ्यांची आहे. ती नुसतं तसं म्हणते."

"पण मॅडम, त्या स्वतःच मला म्हणाल्या."

"अहो, परत विचारा ना! आत चला, एकदा परत विचारा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाटलं आपल्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली, "तुम्ही फारच प्रेमळ आहात," म्हणाले, आणि गाडी धूळ उडवत गेली. बशीसुद्धा गेली.

मी आत येऊन अर्डिसला फैलावर घेतलं. ती कप धूत होती. "तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस काय? एवढं सगळं केलंस ते कशासाठी?"

"पाहुण्याच्या हातात खाण्याची बशी, आणि त्याच्यासमोर रडगाणं गायचं?"

"मग कधी गायचं?"

ती बराच वेळ एकच कप धूत राहिली. "तयारी केली होती गं," शेवटी म्हणाली. "बोर्गहिल्डचं सांगणार होते, म्हाताऱ्यांची औषधं टपालाने येतात ते सांगणार होते. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. त्याने परत विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं मी." मला इतका राग आला होता, आणि इतकं वाईट वाटलं, की मी एप्रन तिथेच टाकून घरी निघून गेले.

हिवाळ्यात निर्णय आला. नोटीस दाराला लावायची, आणि लावायची कुणी, तर अर्डिसने. तिने ती फूटपट्टी धरून सरळ लावली. त्यात एक ओळ होती, 'स्थानिक कर्मचारी व ग्राहक यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले असून कोणीही गैरसोय व्यक्त केलेली नाही.' माणसं आली, बुटांवरचा बर्फ झटकला, उभं राहून ती ओळ वाचली, आणि आत जाऊन हवेबद्दल बोलली. अर्डिसला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त त्या आठवड्यात तिच्या घराच्या पायरीवर झाकलेली भांडी येऊ लागली, घरात कुणी गेल्यावर आणतात तशी. ती मला म्हणाली, "मॉरीन, हे खाऊन संपेना झालंय. आणि मला गिळवतही नाही."

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याजवळ बसायला गेले. कप्प्यांची दारं उघडी, आत काही नाही. हायवेच्या कडेला लोखंडी पेट्या उभ्या राहिल्या होत्या, उद्यापासून टपाल तिथे. वारा, बर्फ आणि पेट्या. तिथे कुणी कुणाला भेटणार नव्हतं, आणि कुणाची पेटी उघडली नाही हे बघणारंही कुणी नव्हतं.

बंद व्हायच्या जरा आधी ऑर्विल आला. सोल्वेगची तिकिटं मागितली, पुरा ताव.

"एवढी कशाला?" अर्डिसने विचारलं. "कुणाला लिहितोस तू?"

"कुणाला नाही." तिकिटं घेऊन तो गेला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "अर्डिस."

"हं."

"हे वाईट झालं."

बायकोला मातीत ठेवलं त्या दिवशीही हा माणूस म्हणाला होता, पाऊस थांबला ते बरं झालं. अर्डिसने चष्मा काढला.

"आता सांगतोस, ऑर्विल? तुझ्या शेजारी बसला होता ना तो?"

"मला वाटलं, तू सांगशील."

"आणि मला वाटलं, तू."

तिने खिडकीचं शटर खाली ओढलं. अजून वेळ झाली नव्हती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघं या बाजूला उभे. ऑर्विलने पत्र्यावर बोटाने हळूच वाजवलं.

"अर्डिस, ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. जा तू घरी, बर्फ वाढतोय."

तो गेला नाही. "ठीक आहेस ना गं?"

"हो, म्हटलं ना. उगाच तुम्हाला उशीर."

ऑर्विलने कपाळ पत्र्याला टेकवलं. आवाज इतका खाली गेला होता की मलाही जेमतेम ऐकू आला. "अर्डिस, खरंच ठीक आहेस?"

"नाही," ती आतून म्हणाली.