हर्षदचं नाक

संध्याकाळी फोडणीतला लसूण करपून काळा झाला आणि शेगडीशेजारीच डबा भरणाऱ्या हर्षदला वास आला नाही. हे डोक्यातून जात नाही.

"आये, धूर कसला?" एवढंच म्हणाला. तेही धूर दिसला म्हणून.

माझा हा मुलगा न्हावा शेव्याजवळच्या एका गोदामात कंटेनर उघडतो. आमची मिठागरं होती. ती गेली, पाठोपाठ त्याचे वडील गेले, आणि बारावीनंतर तो कामाला लागला. कडधान्याच्या कंटेनरमध्ये कीड मारायला विषारी वायू सोडतात. तो आत उरला असेल तर सडक्या लसणासारखा वास येतो. हर्षद दार वीतभर उघडतो, नाक पुढे करतो. त्याने हात वर केला की मगच बाकीची माणसं आत शिरतात. शेजारी बोंबील तळताहेत की मांदेली, हे तो लहानपणी अंगणातून सांगायचा. या नाकाच्या जोरावरच पुढच्या महिन्यात मुकादम होणार आहे.

त्याची धाकटी बहीण प्राप्ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत गॅस ओळखणारी डबी बनवते. आत धातूच्या ऑक्साइडचे केसाहून बारीक तंतू. हवेत वायूचा अंश जरी आला तरी त्यांच्यातून जाणारी वीज बदलते आणि डबी वाजते. तिने एक दादाला दिली. पण गोदामात पाळीचा पहिला कंटेनर उदबत्ती ओवाळून उघडतात. डबी उदबत्तीलाच वाजली. सगळे हसले.

"तुझी डबी नास्तिक हाय," तो प्राप्तीला म्हणाला.

"उदबत्ती लांब लाव ना मग. आणि दादा, नाक थकतं. डबी थकत नाही."

"माझं थकलं का सांगेन तुला."

सांगितलं नाही. आज जेवताना मी विचारलं, "सर्दी झालीय का?"

"न्हाय गं," म्हणाला आणि रात्रपाळीला गेला. नंतर डबी सापडली, फ्रिजवर, टोपीखाली.

हे सगळं लिहिलं म्हणजे भीती खरी की उगीच ते कळेल, असं वाटलं होतं. खरी आहे. त्याचा मोबाइल बंद आहे. कामावर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुपरवायझर बाळाजींचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना सांगितलं तर मुकादमी गेली, आणि पोरगा माझ्याशी बोलेल की नाही कोण जाणे. नाही सांगितलं तर तो दार उघडेल, त्याला वास येणार नाही, आणि तो हात वर करेल.

पाळी बाराला सुरू होते. त्यांची उदबत्ती पेटायच्या आत बाळाजींना फोन लावते.