नंबराचे पैसे घेणारा माणूस

पुलाच्या उतारावर आक्कांनी चपला काढून हातात घेतल्या. बोटाला लागत होत्या. दमल्या होत्या त्या, पण मलाच म्हणाल्या, दमलात तर बसा हो वहिनी.

आक्का आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, पडदे शिवतात. उरलेल्या अस्तराची एक थैली त्यांनी गळ्यात अडकवली होती आणि तिच्यात पैसे होते. आम्ही फोनचे पैसे भरायला निघालो होतो. बसमध्ये थैली मारतील ही त्यांना धास्ती, म्हणून पायी.

त्यांचा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे. त्याने आक्कांना एक टॅबलेट आणून दिला होता. त्यावर इंटरनेटचा नंबर होता, आणि कुठल्याही बंदरातून त्याला त्यावर स्वस्तात बोलता यायचं. आक्कांकडे दुसरा फोन नाही. दरमहा पैसे त्याच्या कार्डातून आपोआप जायचे. कार्डाची मुदत संपली आणि टॅबलेटवर सूचना आली, की शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर नंबर दुसऱ्याला देऊ. धाकटा तेव्हा भर समुद्रात होता. पुढच्या आठवड्यात बंदराला लागणार आणि फोन करणार.

"करेल, आणि भलताच कुणीतरी म्हणेल, कोण हवंय?" आक्का म्हणाल्या. "पोराला वाटेल मी गेले."

त्या सूचनेच्या तळाशी कंपनीचा पत्ता होता, आपल्याच शहरातला. तिथे जाऊन रोख द्यायचे, हे आम्हा दोघींनाही अगदी सरळ वाटलं. आमचे हे म्हणाले, टॅबलेट पिशवीत आणि तुम्ही निघालात पायी, काखेत कळसा नि गावाला वळसा. मग तुम्हीच भरून दाखवा म्हटलं, तर वर्तमानपत्र उघडून बसले.

चालताना जुन्या गोष्टी निघाल्या. आई गेली तेव्हा धाकटा चड्डीत होता. आक्कांना स्थळं आली, पण भावाला सोबत आणणार म्हटलं की चहा पिऊन परत जायची. तो पहिल्यांदा नोकरीला बाहेर पडला तेव्हा फोन आमच्या घरी करायचा. मी फरशीवर काठी आपटली की आक्का तोंडात टाचण्या तशाच धरून जिना चढायच्या. तो फोन आता नुसता धूळ खातो, काढून न्या म्हणून अर्ज दिलाय, हे मी सहज बोलून गेले. बरोबर आहे, आक्का म्हणाल्या, उगीच भाडं कशाला.

पत्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. आम्ही पाटी पाहिली, पत्ता पाहिला, पुन्हा पाटी पाहिली. चष्मेवाला म्हणाला, कंपनीचं इथे फक्त टपाल येतं, माणूस कुणी नाही. तुमच्यासारखे आधीही येऊन गेलेत.

"मग पैसे मागतं कोण?"

"मशीन मागतं, आक्का," चष्मेवाला म्हणाला.

"मग मशीनलाच द्या की. मी कुठे नाही म्हणते?" आणि त्यांनी थैली त्याच्यापुढे धरली.

माणूस भला होता. त्याने रोख ठेवून घेतली आणि टॅबलेटवर स्वतःचं कार्ड घालून पाहिलं. मशीनने नवं कार्ड घेतलं नाही. आधी मालकाची खात्री हवी, आणि खात्रीचा आकडा मालकाच्या मोबाइलवर पाठवलाय. मालक म्हणजे धाकटा. त्याचा मोबाइल समुद्रात, रेंजच्या बाहेर. चष्मेवाल्याने मदतीचा नंबर लावला, तर बाई बोलली एक दाबा, दोन दाबा, आणि सगळं दाबून झाल्यावर पहिल्यापासून बोलायला लागली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. पण नक्की काय मागावं तेही सुचेना. आकडा यावा म्हणून मागू, की बोट लवकर यावी म्हणून?

त्याने पैसे परत केले. आक्कांनी थैली उघडून आत पाहिलं, जणू ते पैसेच खोटे निघाले होते. आयुष्यभर कुणाची मजुरी बुडवली नाही, कुणाचा पडदा वितीने आखूड केला नाही, आणि आज पैसे हातात असून कुणी घेत नव्हतं. मलाही कळेना. कुणावर रागवावं तर समोर माणूसच नव्हता.

आक्कांनी थैली पुन्हा गळ्यात अडकवली आणि आम्ही परत निघालो. पुलाच्या कठड्याशी आल्यावर अचानक थांबल्या.

"वहिनी, लहानपणी हरवला तर सांगता यावा म्हणून मी त्याच्याकडून एकच नंबर पाठ करून घेतला होता. तुमचा. माझ्या नंबरावर भलतंच कुणी बोललं की त्याला तोच आठवेल."

त्यांनी गळ्यातली थैली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"भाडं मी भरते, रोख. एवढा तो अर्ज मागे घ्याल? आणि ती काठी फेकून दिली नसेल ना तुम्ही?"