लाल पेन

ताईंनी तीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात इंग्रजी पत्रं लिहिली आणि एकाही पत्रात स्वतःला शिरू दिलं नाही. ‘मी तुमचं पत्र वाचलं’ असं तिथे चालत नसे. ‘आपले पत्र वाचण्यात आले.’ याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात, आणि ताईंचा त्यात हातखंडा होता.

शेजारच्या टेबलावर चिमणी बदलून आली. बाई चाळिशीची, पण बडबड अखंड, म्हणून हे नाव. ताईंनी तिला धडे दिले.

“ज्याच्यावर काम घडलं ते पुढे आण. मग ‘इज’ नाहीतर ‘वॉज’, आणि क्रियापदाचं तिसरं रूप. करणाऱ्याला ‘बाय’ लावून शेवटी बसवता येतं, पण आपण नाही बसवायचं. उगाच कोणाच्या तरी गळ्याशी येतं. आणि पाठवणाऱ्याची नावं वाचत बसू नकोस, दिवसाला ऐंशी पत्रं असतात.”

एकदा एका म्हाताऱ्याचं पत्र आलं, दुरुस्तीला दिलेलं त्याच्या बायकोचं घड्याळ कंपनीत हरवलं होतं. चिमणीने उत्तर लिहिलं, ‘मला फार वाईट वाटलं. मी स्वतः शोधते.’ ताईंनी लाल पेनाने दोन्ही वाक्यं उडवली आणि वर लिहिलं, ‘शोध घेतला जात आहे.’ चिमणी तोंड पाडून बसली, पण शिकली.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी चिमणी गळ्यात पडून रडली. “रोज फोन करीन, ताई!”

चार महिने फोन वाजला नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं. ताई दुपारी उगाच रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना, ते बघायच्या. आपण होऊन फोन करायला मन धजेना. शेवटी त्यांनी विभागाला झकास इंग्रजीत तक्रार धाडली: आपला चहाचा कप कपाटात राहून गेला आहे. घरी कप ढीगभर होते. चिमणी वाचेल, खो-खो हसेल, फोन करेल, एवढाच डाव होता. खाली मराठीत एक ओळ होती, ‘तू कशी आहेस गं?’

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. ताईंनी उभ्या उभ्याच फाडलं.

‘आपले पत्र मिळाले. कपाचा शोध घेतला जात आहे. गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.’

खाली शिक्का. सही नाही.

ताई लाल पेन घेऊन टेबलाशी बसल्या. पत्र तीनदा वाचलं. चूक एकही नव्हती.

“एखादी तरी करायचीस गं,” त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावून रडू लागल्या.