दहा भागांचं उद्घाटन

आमच्या साहेबांना संगणकातलं काही कळत नव्हतं, याचा मला राग नाही. सत्तरचं दशक संपत आलं तरी नागपुरात ते कळणारे होतेच किती! राग याचा, की न कळताही मुदत तेच ठरवायचे. कारखान्याच्या भांडारात कोणता सुटा भाग कुठल्या फळीवर आहे, हे यंत्रानं सांगावं, असा प्रोग्राम आम्ही चौघं लिहीत होतो. मी गटप्रमुख. मी सहा महिने मागितले. साहेब म्हणाले, "नुसती यादी तर छापाची आहे गा! तीन महिन्यांत आटपा." आणि मुंबईच्या मुख्य कचेरीला त्यांनी कळवलं, दोन.

वर दर सोमवारी प्रगतीची बैठक. काम का होत नाही यावर अर्धा दिवस बोलायचं आणि उरलेला अर्धा दिवस ते बोलणं लिहून काढायचं.

गटात एक मुलगी होती. उमरेडहून रोज एसटीनं यायची. वडील हातमागावर, ही घरातली पहिली पदवीधर. नोकरीत कायम व्हायला तिचे दोन महिने उरले होते. चुका हुडकण्यात तिचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं.

मुंबईचे मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले, तेव्हा प्रोग्राम अर्धाही झाला नव्हता. आमच्या साहेबांनी तोडगा काढला. दहा भाग निवडायचे, त्यांची उत्तरं यंत्राच्या कार्डांवर भोकं पाडून आधीच पंच करून ठेवायची. पाहुण्यांनी भागाच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठ्या त्या दहांच्याच ठेवायच्या. ती मला म्हणाली, "सर, हे खोटं आहे. चाचणीच्या वहीत मी सही नाही करणार." मी म्हणालो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आज स्वतःचीच चीड येते.

त्या दिवशी यंत्राला हार घातला. आत पाणी सांडायला नको म्हणून नारळ जिन्यात फोडला. पाहुण्यांनी चिठ्ठी उचलली, यंत्र खडखडलं, उत्तर बरोबर आलं. ते इतके खूश झाले, की तिथंच हुकूम सुटला: सोमवारपासून भांडारातल्या हाताच्या नोंदवह्या बंद!

साहेबांचा चेहरा उतरला, पण तोंडातून ब्र निघाला नाही. माझ्याही नाही. ती तेवढी बोलली, "साहेब, हे दहाच भागांचं झालं आहे. बाकीचं अजून करून राहिलो आम्ही." पाहुण्यांना तो विनय वाटला. ते कौतुकानं हसले.

महिन्याभरात भांडाराचा बोजवारा उडाला. एका बेअरिंगसाठी लोक दिवस दिवस फळ्या उपसत बसले. वह्या मुकाट्यानं परत निघाल्या आणि दोष कुणावर ढकलायचा ते शोधणं सुरू झालं. साहेबांनी तिच्या कामाच्या अहवालात लिहिलं: मिळूनमिसळून काम करत नाही, वरिष्ठांसमोर उलट बोलते. चोर सोडून संन्याशाला फाशी! अहवालाखाली गटप्रमुखाची सही लागायची. ती मी केली.

तिला कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी ती अनुभवाचा दाखला मागायला आली. मी मनापासून लिहिला: इतकं चोख आणि प्रामाणिक काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तिनं तो उभ्यानंच वाचला.

"सर, हे अहवालात काहून नाही लिहिलं?"

ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "निघा आता, तुमची उमरेडची गाडी चुकेल."