गाजरगवत नव्हतं ते

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली हुज्जतसुद्धा शब्दन्‌शब्द ऐकवते. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे.

आधी त्या रोपाबद्दल सांगते, ते सोपं आहे. फत्तरसुवा. फत्तर म्हणजे दगड, सुवा म्हणजे शेपू. आमच्या जालन्याकडच्या मुरमाड माळावर पावसाळ्यात जमिनीला चिकटून वाढतो, पानं शेपूसारखी बारीक. डेझीच्या कुळातला — म्हणजे जे एक फूल दिसतं, ते खरं तर चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. पण फत्तरसुवा मी स्वतः कधी लावून पाहिला होता? नाही. तो माझ्या गच्चीवर आला तो शेजारच्या भाभींमुळे.

भाभी मारवाडी, माहेर आष्टीचं. त्यांची आई — तिला त्या ‘बाई’ म्हणत — मुलांची पोटं बिघडली की माळावरचा कुठलासा पाला ताकात वाटून द्यायची. बाई गेली, पाल्याचं नावही गेलं. भाभी माहेरी गेल्या की माळावर वाकून पानं चुरगळायच्या, हुंगायच्या. घरचे हसायचे. मीही हसायचे.

एका श्रावणात त्या आष्टीहून परतल्या त्या थेट माझ्या दारात, हातात पिशवीभर रोपं. फुलं नव्हती, नुसती पानं.

“मॅडम, घावलं वाटतं बघा! वास बराबर तोच येऊन राह्यलाय.”

माझ्याकडे तेव्हा जुने विद्यार्थी आले होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पिशवीत नुसतं डोकावले आणि म्हणाले, “अहो भाभी, हे तर गाजरगवत! खाज सुटेल, आधी हात धुवा.” कातरलेली पानं दिसली की गाजरगवत — इतकी मी घाईत होते. सगळे हसले. भाभींचा चेहरा उतरला.

“तुम्ही म्हणता मंग तसंच आसंल. फेकून द्या.”

ही चूक होती म्हणा. पण पुढचं?

पाहुणे गेल्यावर पिशवी उचलली, आणि हाताला वास आला. बडीशेपेचा. गाजरगवताला असा वास कुठला? भाभी भिंतीपलीकडेच होत्या. एक हाक मारायची होती फक्त. मी रोपं गच्चीवर नेली — लपवून.

आणि खरं सांगू? फार मजा आली. आधी शेणखत घातलं, रोज पाणी — रोपं पिवळी पडली. मग मुरूम आणून त्यात लावली, पाणी तोडलं, तशी तरारली. असं कसं हे झाड, लाड केले की रुसणारं? रोज सकाळी भिंग घेऊन मी कुंडीपाशी. पिवळं फूल आलं, नखाएवढंही नाही, पाकळीच्या टोकाला खाच. मग काळं, लांबट बी, त्याला दोन ताठ मिशा. पुस्तकातली एकेक खूण जुळत गेली, नाव सापडलं, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता. तो भाभींचा आनंद होता. मी तो चोरून खाल्ला.

सांगू, सांगू म्हणत राहिले — दिवाळी झाली की, नात येऊन गेली की. पण सांगायचं म्हणजे मॅडमनाही कळलं नव्हतं हे कबूल करायचं, आणि कळल्यावरही गप्प बसल्या हेही. ते मला नको होतं. बस, इतकंच. रोपं वाळली. कुंडीत मी शेवंती लावली. भाभींनी माळावर वाकणं सोडून दिलं.

परवा त्यांच्याकडे चहाला गेले होते. त्या आपल्या नातीला बाईबद्दल सांगत होत्या.

“आमची बाई लई भोळी होती गं. लेकरांना गाजरगवत पाजायची, तिला काय ठावं! माझा धाकटा भाऊ पोटाच्या दुखण्यानं गेल्ता ना, त्याच्यानंच गेला आसंल. बाईच्याच हातानं. मॅडमनी ओळखलं म्हणून आपल्याला कळलं तरी.”

नातीनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. आणि चहा छान झालाय म्हणाले.