तुम्ही आत हायसा का भायेर?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागलो की मलाच रडू येतं. इतके महिने झाले, तरी येतं! माणूस चुकतो, मान्य. पण चष्मा लावून, फोनवर विचारून विचारून चुकतो का हो कुणी?

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि मुख्याध्यापिका बाईंनी ती माझ्या गळ्यात घातली. आता माझा हात बसलेला जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, आणि नवा लॅपटॉप त्याला दारात उभा करीना!

मग आमचा मेहुणा युवराज आला. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. त्यानं तासभर खटपट करून लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवला. खोटं नाही! व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. नव्या विंडोजमध्ये एक चौकट उघडायची, त्या चौकटीत जुनी विंडोज, आणि तिच्यात आपलं जुनं सॉफ्टवेअर. चौकट मोठी केली की पडदाभर तीच.

“दाजी, ह्यो आतला, ह्यो भायेरचा,” युवराजनं समजावलं. “आतल्यात टायपा आणि रोज एक कॉपी भायेर काढून ठेवा. आतल्याला कायबी झालं तरी भायेर सगळं शाबूत.”

बायको म्हणाली, “एक धड चालवता येत न्हाई, दुसरा कशाला देतोस रं त्यांस्नी?”

सख्खी बहीण त्याची. त्यानं ऐकलं नाही. मीही नाही.

चार महिने टायपलं. माजी विद्यार्थ्यांचे लेख, शिपाईमामांच्या आठवणी, सगळं. टायप झालं की हस्तलिखित रद्दीत. घरात पसारा नको ना! आणि शाळेचे पहिले शिक्षक देसाई गुरुजी, वय अठ्ठ्याऐंशी. हात थरथरतो, लिहिता येत नाही. त्यांच्यासमोर पाच रविवार लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. ते सांगायचे, मी टायपायचो. मध्येच थांबून डोळे पुसायचे. तेवढा वेळ मीही थांबायचो.

छापायला द्यायला पंधरा दिवस उरले, आणि एका रविवारी सकाळी आतल्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला. अक्षरांच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग! मी युवराजला फोन लावला. तो कारखान्यात, मागं मशीनचा धडधडाट. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गॅलरीत.

“दाजी, कॉपी भायेर काढलीया न्हवं?”

“रोज काढतो की!”

“मग कशाला घाबरताय? आतला पुसून टाकायचा. मी संध्याकाळी नवा घालून देतो. सेटिंगात जावा.”

ऊन पडद्यावर पडलेलं. काही दिसेना. म्हटलं, थांब जरा. आतल्याची चौकट बारीक केली, लॅपटॉप काखोटीला मारला, हॉलमध्ये येऊन टेबलावर ठेवला आणि समोर दिसलं ते सेटिंग उघडलं. रेंज कशीबशी एक काडी.

“दाजी, तुम्ही आत हायसा का भायेर?”

“आत्ताच आत आलो!”

“नक्की आत?”

“अरे, आतच हाय की! भायेर ऊन किती हाय!”

आता त्या धडधडाटात त्याला ऊन ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू?

“मग रिसेट दाबा. सगळं काढून टाका म्हणा.”

दाबलं.

“पूर्ण साफ करू का, असं विचारतंय रे.”

“करा की बिनधास्त! व्हायरस हाय त्यो.”

केलं! एवढ्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं काही दाबलेलं नाही.

पडदा काळा झाला. चक्र फिरायला लागलं. मी चहा घेतला. वर बायकोला म्हणालो, “बघ, व्हायरस काढतोय.” तासाभरानं काळ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव उमटलं. परत फोन.

“युवराज, कंपनीचं नाव आलंय. चांगलंच म्हणायचं न्हवं?”

“कुठल्या कंपनीचं?”

“लॅपटॉपच्या.”

धडधडाट मागं पडला; तो मशीनपासून लांब गेला असणार. मग हळू आवाज आला, “दाजी… तुम्ही कशाच्या आत हायसा?”

“हॉलच्या.”

बाहेरचा गेला. बाहेरच्याच्या पोटात होता म्हणून आतला गेला. आणि रोज नेमानं काढलेली कॉपी? तीही बाहेरच्यातच! युवराज संध्याकाळी आला, तासभर मान खाली घालून बसला आणि न जेवता गेला. माझ्या बायकोच्या माहेरचा माणूस न जेवता गेला, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी बाईंपुढे उभा राहिलो. पंचवीस वर्षं मी मुलांना वर्गाबाहेर काढत आलोय. त्या दिवशी कुणी मला काढलं असतं तर बरं वाटलं असतं. बाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “गुरुजींना तुम्हीच सांगा.”

गेलो. सांगताना माझेच डोळे भरले. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, “पुसलं गेलं? अहो, मी आयुष्यभर फळा पुसलाय. काढा वही. लिवा.”

आणि सांगितलं सगळं पहिल्यापासून, रोज संध्याकाळी थोडं थोडं. ह्या वेळी वहीत, पेनानं.

बाकीच्यांचे पाय धरले. काहींनी परत लिहून दिलं, काहींनी फोन उचलला नाही. स्मरणिका वेळेवर निघाली, पण निम्मी.

मूळच्या मजकुरातला एकच लेख जसाच्या तसा शाबूत राहिला होता. माझा. कौतुक व्हावं म्हणून मी तो बाईंना आधीच मेल केला होता. मी हात जोडून म्हणालो, “बाई, एवढा गाळा.” बाई म्हणाल्या, “छे, छे! आधीच पानं कमी आहेत, सर.”

छापला. पहिल्याच पानावर, माझ्या हसऱ्या फोटोसकट: ‘संगणकाला घाबरता कशाला?’