झेललेलं बिस्कीट

साहेबांनी घंटी वाजवली आणि बिस्कीट कुत्र्याकडे न फेकता माझ्याकडे फेकलं. मी झेललं.

समोर कॉलेजची पोरं बसली होती. "बघा," साहेब म्हणाले, "आधी घंटी, मागून खाऊ. सवय लागली की नुसत्या घंटीवर लाळ गळते. आमचा हा सातवी नापास, पण लवकर शिकला."

पोरं हसली. मीही हसलो. "थँक यू साहेब," म्हणालो.

साहेबांचं मी खाल्लंय. पुण्यात कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा त्यांनी या कुत्र्यांच्या शाळेत ठेवलं, खोली दिली. टायफॉईडमध्ये स्वतः दवाखान्यात नेलं. खोटं कायले बोलू? म्हणूनच तोंड उघडायची भीती.

पण घामानं ते बिस्कीट हातात ओलं झालं, आणि मले दुसरं आठवलं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीकडचा. घरात गोरबोली. शाळेत गुरुजींचा नियम होता: बोलीतला शब्द निघाला की गळ्यात लाकडी फळी. उतरवायची तर दुसऱ्याले पकडून द्यायचं. चौथीत माझ्या तोंडून 'याडी' निघालं. आई म्हणायचं होतं. दुपारपर्यंत फळी घेऊन फिरलो. मले पाहून सारे मुके. मग पहिलीतल्या बहिणीकडे गेलो.

"घरी कोण हाय आपल्या?"

"याडी," ती हसून म्हणाली.

हात धरून तिले गुरुजींसमोर उभं केलं.

"शाब्बास! सुधरून राह्यला गड्या."

मले बिस्कीट. तिले फळी. पोटापर्यंत लोंबत होती. मी तिच्यासमोर खाल्लं. गोड लागलं.

ती परत शाळेत गेली नाही. आज सोयाबीन सोंगायला जाते. अंगठा लावते.

नियम गुरुजींचा. हात मी धरला होता.

साहेबांनी पुन्हा घंटी वाजवली. "अजून एक?"

मी बिस्कीट टेबलावर ठेवलं. "साहेब, कुत्र्यांले शिकवीन. माझ्यासाठी घंटी वाजवू नका."

कोणी हसलं नाही. काम राहते की जाते, माहीत नाही.

तिथंच, सगळ्यांसमोर, बहिणीले फोन लावला. किती वर्षांनी बोलीत बोललो.

"काहून, आज आठवली बोली?" ती मराठीतच म्हणाली.

मी फळीचं नाव काढलं. तिनं फोन कापला.

उद्या पुन्हा लावीन. परवाही. माफीसाठी नाही. ती फळी माझी होती, हे तिनं माझ्या तोंडून, आमच्या बोलीत ऐकेपर्यंत.